लाल चादरीचे दोन तुकडे

माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं एकाच मांडवात लागली. राहनाळला आमच्या जमिनीवर ज्याचं गोदाम होतं, त्या व्यापाऱ्याने आहेरात चीनची लाल रेशमी चादर दिली. एका अंगाला लांब शेपटीचा पक्षी, दुसऱ्या अंगाला ड्रॅगन. चादर एक, मुली दोन. आईला दुजाभाव खपत नसे. तिने कात्री घेतली आणि चादर मधोमध कापली. पक्षी थोरलीला, ड्रॅगन धाकटीला. धाकटी दिवसभर तोंड फुगवून होती, थोरलीला मोर आणि तिला साप का म्हणून.

वर्षभरात थोरलीचा नवरा मानकोलीला ट्रकखाली गेला. ती माहेरी आली ती तो तुकडा घेऊन, आणि तिने तो बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावला. मला त्या पक्ष्याची भीती वाटायची. कुठेही बसा, त्याचा डोळा आपल्यावरच.

पुढे आमच्या शेडमध्ये कापड विणायचे नवे लूम बसवायला एक चिनी मिस्त्री आला, सोबत हिंदी बोलणारा दुभाष्या. आईने दोघांना जेवायला बोलावलं. पक्षी दिसताच मिस्त्रीने विचारलं, याचा जोडीदार कुठे? त्यांच्याकडे लग्नाच्या कापडावर ड्रॅगन म्हणजे नवरा आणि हा पक्षी म्हणजे नवरी. त्यांची ताटातूट करत नाहीत.

आईचा चेहरा उतरला. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, जळून राखेतून उठतो तो पक्षी हाच ना? तो दुसऱ्या मुलखाचा, मिस्त्री म्हणाला. आमचा जळत नाही, उठतही नाही. जिथे सगळं नीट चाललेलं असतं तिथेच तो दिसतो.

दुसऱ्याच दिवशी आईने धाकटीला निरोप धाडला, ड्रॅगन घेऊन ये, मी शिवते. धाकटीने तो कपाटात कुलूपबंद केला. माझा नवरा ताईला वाटून देऊ का, असं फोनवर म्हणाली आणि सणावारालाही यायची बंद झाली. आई दुपारभर सुईत लाल दोरा ओवून त्या पक्ष्यासमोर बसू लागली. घरात जिवंत माणसांपेक्षा त्या कापडाचाच वावर जास्त होता.

न राहवून मी मिस्त्रीला पुन्हा गाठलं. एकटा असला म्हणून तो पक्षी अर्धा नाही, त्याने सांगितलं. फार पूर्वी नर आणि मादी दोन्ही त्या एकाच पक्ष्यात धरत.

मी घाईघाईने घरी येऊन आईला हे सांगितलं. तिने सुईत पुन्हा दोरा ओवला. थोरली तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

“आई, ती सुई ठेव. तुज्या कात्रीनं न्हाय गेला तो. आनी मना जोडी नको हाय. मना तो पायजे व्हता.”

तो गेल्यापासून आमच्या घरात त्याच्याविषयी कुणी बोललं नव्हतं. सगळे चादरीविषयीच बोलत होतो.