पन्नाशीच्या आतली आत्या

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची भरती पुरती चढायच्या आत, घिवलीच्या किनाऱ्यावर माझ्या मैत्रिणीच्या आत्यावर धडधडीत अन्याय झाला. अन्याय करणाऱ्यांत एक डॉक्टर होते, आमची विद्यार्थी समिती होती, सगळं गाव होतं आणि (हे निषेधाच्या पत्रकात लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिते) खुद्द आत्याही होती. कारण उभ्या पालघर तालुक्यात स्वतःचं वय वाढवून सांगणारी अशी बाई दुसरी झाली नाही.

बाकीच्या बायका दोन-चार वर्षं लपवतात. आत्या वर्षं जमवत गेली. ती बोईसरच्या बाजारात मासे विकते. तिथे वाटेवरची चांगली जागा वयाने मोठीला आधी मिळते, म्हणून ती पहिल्यांदा पाचेक वर्षांनी मोठी झाली. मग रॉकेलची रांग लांबली, तेव्हा आणखी थोडी झाली. एसटीत बसायला जागा हवी, हो मोठी. भांडणात शेवटचा शब्द हवा, हो मोठी. कंडक्टर एकदा म्हणाला, “मावशी, गेल्या महिन्यात पंचावन्न होतं ना?” तर ही म्हणते, “मंग? मधी म्हयना गेला नाय का?” या वेगाने तिने सख्ख्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना, कधीच मागे टाकलं. तेही बिचारे तिला आक्का म्हणू लागले. भाऊबीजेला ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते. ओवाळणी मात्र धाकट्या बहिणीच्या हक्काने घेते. हा सरळसरळ दुटप्पीपणा आहे, असं मी तिला तोंडावर सांगितलं होतं. त्यावर तिने मला दोन बांगडे फुकट दिले आणि म्हणाली, “खा. वराडायला ताकद लागते.”

आता मुद्द्याचं. मैत्रिणीची धाकटी बहीण चौथीत आहे. तिला रक्ताचा असा आजार झालाय की हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथेच ते नीट होत नाही. दुसऱ्या कुणाचा तो हाडातला गर तिला मिळाला तर ती जगेल, पण तो जुळायला हवा. आईबापाचा जुळला नाही, बहिणीचा जुळला नाही. मग परक्यांत शोधायचं. त्यासाठी आम्ही पालघरच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी समिती काढली आणि मी पत्रक लिहिलं. ‘अस्थिमज्जादान हे प्रत्येक जागृत नागरिकाचे सामाजिक कर्तव्य होय!’ पुढे आणखी दोन उद्गारचिन्हं. पालघरजवळच्या माहीमच्या एका वाडीवाल्या काकांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, “हाडं व्हय? मेल्यावर न्या. आता लागतात.”

आत्याने बाजारात माझ्याकडून ते पत्रक मोठ्याने वाचून घेतलं. मग विचारलं, “ह्यात आमची पोरगी कुठं हाय?” मी म्हटलं, ती सामाजिक कर्तव्यात आली. “मंग तिला बाहेर काड,” ती म्हणाली आणि प्रचाराचं काम माझ्या हातातून काढून घेतलं. त्या दिवसापासून तिच्याकडे पापलेट घ्यायचं तर आधी होकार द्यावा लागे. ती समजवायचीही तिच्या पद्धतीने. “मटणाची नळी चोखतोस ना? तसलाच गर तुज्यातबी हाय. त्यातला वाईच काडनार.” हे ऐकून धट्टीकट्टी गिऱ्हाइकं मासे तिथेच टाकून पळाली. मी मागे धावून सांगायचे, की आत्ता फक्त नळीभर रक्त द्यायचंय, तपासणीला. जुळलंच तर पुढचं. तेही गुंगी देऊन, कमरेच्या हाडातून सुईने काढतात आणि गेलेलं पुन्हा भरून येतं. कारखान्याची शिफ्ट संपवून आलेला एक कामगार वैतागून म्हणाला, “मौसी, मच्छी दो, भाषन मत दो!” आत्याने सुरमई पाठीमागे लपवली. “पयले हात देगा, फिर मच्छी देगा.” तो शिव्या देत गेला. दुसऱ्या दिवशी खोलीतले दोन सोबती घेऊन आला. तिघांनी नावं दिली आणि सुरमईसुद्धा घासाघीस न करता घेतली.

मग आला शिबिराचा दिवस. समितीने डोकं लढवून नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस ठरवला. सणाला सगळे खलाशी घरी असणार, दुसऱ्या दिवशी निवांत भेटतील! समितीत एकजण भातशेतीवाल्याचा, बाकीचे रेल्वे क्वार्टरमधले. मैत्रीण मुंबईला इस्पितळात बहिणीजवळ बसलेली. समुद्राला नारळ दिला की दुसऱ्या दिवशी होड्या पाण्यात जातात, पावसाळ्याची बंदी संपवून, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही टेबल मांडलं, मांडव घातला, मुंबईहून आलेल्या डॉक्टरांना शहाळं दिलं, आणि समोर अख्खं गाव जाळी खांद्यावर टाकून आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे निघालं.

आत्या बोईसरहून टेंपोने आली. तिने आमच्याकडे पाहिलं, होड्यांकडे पाहिलं. आम्हाला काय म्हणाली ते छापण्यासारखं नाही. मग तिने टोपली वाळूत पालथी घातली, तिच्यावर उभी राहिली आणि मासळीच्या लिलावात लावते तो आवाज लावला. “बोला! ह्या होडीचे चार हात आले! चार! निळ्या होडीवर हात हायत का नुसत्या बाह्या? बोला, पाच कोन देतो?” लिलावाची हाक ऐकली की त्या किनाऱ्यावर पाय आपोआप थांबतात. आणि एका होडीने चार दिले म्हटल्यावर दुसरी तीनवर कशी थांबेल? खरं तर तोपर्यंत कुणीच काही दिलं नव्हतं. ते चार तिने हवेतून आणले होते. पण निळ्या होडीचे सहाजण तरातरा मांडवात घुसले आणि मग रांगच लागली. निळ्या होडीचा तांडेल तेवढा अडला. होडी चालवणारा माणूस, आकाश बघून वारा सांगणारा. पण सुई पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. “आत्ये, भरती निघून जाईल गो. सोड आता.”

“भरती उद्या परत येते रं,” आत्या टोपलीवरून म्हणाली. “पोरगी गेली तर येल काय?”

तांडेलाने डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केला.

तो उठल्यावर खुर्चीत आत्या बसली. पोलक्याची बाही कोपरावर सरकवली. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “वय?”

“साठ!” आत्या म्हणाली. सवयीने. आणि अभिमानाने.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मग नाही चालणार, मावशी. पन्नाशीच्या आतले लागतात.”

आत्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला मोठं असल्याचा तोटा झाला होता. “तसं नाय, डाक्टर. खरं वय येगळं हाय.” किती? ते तिला सांगता येईना. इतकी वर्षं चढवली होती की सुरुवात कुठून केली, तेच हरवलं होतं. ती गावाकडे वळली, “अरं सांगा की!” आणि गावाने, तिचा मान राखायला, एका आवाजात सांगितलं, “साठ!” कुणी तर “बासष्ट!” म्हणालं. एक बोळक्या तोंडाची म्हातारी पुढे होऊन म्हणाली, “माज्याहून मोटी हाय ती.” शेवटी भाऊ गर्दीतून आले. “डाक्टर, ही माजी धाकटी बहीन. मना मिशी फुटली तवा हिचे दुदाचे दात पडत व्हते.” डॉक्टरांनी विचारलं, “मग तुमचं वय किती, दादा?” ते गोंधळले. “ते आक्कालाच म्हायत.”

वयाचा कागद तिच्याकडे कधीच नव्हता. मी डॉक्टरांशी कडाकडा भांडले. त्यांनी शांतपणे माझंच पत्रक माझ्यापुढे धरलं. वयाची अट मीच छापली होती, ठळक अक्षरांत. होड्या गेल्या, डॉक्टर गेले. आत्याने पालथी टोपली सुलटी केली आणि वाळू झटकली.

दुसऱ्या दिवसापासून ती लहान होऊ लागली. बाजारातली वाटेवरची जागा तिने दुसरीला दिली. आता मागे गटाराजवळ बसते, जिथे गिऱ्हाईक शेवटी पोचतं. रॉकेलच्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहते. एसटीत कुणी “बसा मावशी” म्हणालं तर खवळते, “मावशी कोनाला बोलतो? ताई बोल!” आणि उभ्याने घिवली गाठते. भावाला दादा म्हणते. पुढच्या वेळी गावाने खरं बोलावं, म्हणून ती गावाला आतापासून सवय लावतेय.

घिवलीच्या कुणाचंच त्या पोरीशी जुळलं नाही. ती अजून वाट बघतेय. मागच्या रविवारी आम्ही इस्पितळात गेलो तर तिने विचारलं, “आत्या, तू आता किती वर्षांची?”

“चाळीस.”

पोरीने बोटं मोजली. “अशीच लहान होत गेलीस तर एक दिवस माझ्याएवढी होशील.”

“व्हईन की,” आत्या म्हणाली. “तू थांब हां तवर.” आणि खिडकीकडे तोंड करून पदर नीट करत बसली. तो चांगला नीटच होता.

येत्या होळीला, होड्या किनाऱ्याला असताना, घिवलीत पुन्हा मांडव घालतोय. वाचणाऱ्या, तू अठराच्या पुढचा आणि पन्नाशीच्या आतला आहेस ना? मग माझी उद्गारचिन्हं नावडली तरी चालेल, बाही वर करून ये. आणि रांगेत सगळ्यांच्या मागे एक बाई उभी असेल. डॉक्टरांनी तिचं वय विचारलं, की गप्प बसू नकोस. मोठ्याने सांग, पन्नाशीच्या आतली आहे.