कामाचा हात

मी डावखुरी आहे. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चिरणं, शिवणं, लिहिणं, सगळं डाव्या हातानं. लग्न होऊन नेरला आले तेव्हा विळीवर वांगी चिरताना सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "कावं, उजवा हात माहेरीच ठेवून आली काय?" घरात हसू पिकलं. नवऱ्यानं मग नियम घालून दिला. देवापुढं, पंगतीत आणि पाहुण्यांसमोर उजवा. चुलीपाशी आणि शिवणाच्या मशीनवर डावा. मला नेमून दिलेली गोष्ट पाळायला आवडते, मी पाळली. आळीतल्या निम्म्या बायकांचे झंपर माझ्या डाव्या हातानं बेतलेले होते. कात्रीसुद्धा डाव्या हाताची, लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेली.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. तुरीच्या शेतात उजव्या पावलाला घोणस चावली. यवतमाळच्या दवाखान्यात विषावरचं इंजेक्शन मिळालं, जीव राहिला, पण लघवी थांबली. तोंड सुजलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मूत्रपिंडं बंद पडली आहेत. काही दिवस रक्त बाहेर काढून यंत्रानं धुतलं तर ती बहुधा पुन्हा चालू होतील, आणि ते यंत्र मुंबईला आहे. नवऱ्यानं बडनेऱ्याहून गाडी धरली. सबंध प्रवासभर माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. हेही लिहायला हवं.

मुंबईत मी गुंगीत होते. तिथं काय ठरलं ते मला सर्जननी नंतर समजावून दिलं, ते नीट क्रमानं लिहिते. यंत्राला रक्ताची धार मोठी लागते, साध्या शिरेत सुई टोचून ती मिळत नाही. तेव्हाचा चालता उपाय असा की एका धमनीत आणि एका शिरेत एकेक नळी बसवायची, दोन्ही टोकं कातडीबाहेर काढायची आणि एरवी एकमेकींना जोडून ठेवायची. यंत्र लावताना जोड सोडायचा. दुसरा उपाय अगदी नवा होता. धमनी आणि शीर कातडीच्या आतच एकमेकींना शिवायची, बाहेर काहीच नाही. पण मग शीर फुगून जाड व्हायला महिना-दीड महिना जातो, आणि माझ्याजवळ आठवडाही नव्हता.

म्हणजे नळीच. ती कुठं बसवायची एवढंच ठरायचं होतं. उजवं पाऊल विषानं सुजलेलं. डाव्या घोट्याला बसवता आली असती, पण तिथं जखम लवकर चिघळते. म्हणून सर्जन मनगट पसंत करत, आणि तेही ज्या हाताला काम कमी त्याचं. कारण नळी काढताना ती धमनी कायमची बांधून टाकावी लागते. बहुतेकांचा हात दुसऱ्या धमनीवर निभावून जातो.

माझा निभावला नाही. नळी डाव्या मनगटात बसली. तिच्यात रक्त गोठलं, साफ केलं, पुन्हा गोठलं, मग पू झाला. तोवर मूत्रपिंडं चालू झाली होती. नळी काढली. मी जिवंत होते आणि डावा अंगठा व शेजारची दोन बोटं गार, बधिर होती. मी डावखुरी हे डॉक्टरांना काय माहीत, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

घरी सोडायच्या दिवशी सर्जननी सहीसाठी कागद पुढं केला. मी सवयीनं डाव्या हातात पेन घेतलं. ते निसटून पलंगाखाली गेलं.

"तुम्ही डावखुऱ्या आहात?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते नवऱ्याकडे वळले. "मी तुम्हाला विचारलं होतं, कामाचा हात कोणता. तुम्ही उजवा म्हणालात. मी पुन्हा विचारलं. शंका असेल तर पायाला करू, हेही म्हटलं होतं."

नवरा खाली वाकून पेन शोधू लागला. बराच वेळ शोधत राहिला.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "काहून सांगतलं तसं?"

"मामा होते ना बाजूले उभे."

मामा म्हणजे त्यांचे सख्खे मामा. मुंबईत गिरणीत होते, नवरा त्यांच्याच खोलीवर उतरला होता.

"होते, मंग?"

"मंग काय? त्यायच्यासमोर सांगू, माही बायको डावरी हाय? साऱ्या गोतात हसू झालं असतं."

"पाय तरी सांगायचा होता. पायाले कोन हसते?"

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "जीव वाचला ना तुहा?"

वाचला होता. त्यामुळं मला पुढं बोलता येईना, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी एकेक काम करून पाहिलं. कात्री चालत नाही. सुई धरता येते, पण टोचलेली कळत नाही. मशीनखालचं कापड वळत नाही. आलेली शिवणं मी ज्याची त्याला परत केली. नवरा भेटायला येणाऱ्यांना सांगे, "डावाच गेला, उजवा शाबूत हाय. देवानं राखलं." तेच इतक्यांदा सांगितलं की पुढं त्यांनाही ते खरं वाटू लागलं असावं.

सासूबाईंनी माझ्यासाठी नवस बोलला होता. तो फेडायला त्यांनी जेवण घातलं, मुंबईहून मामाही आले. पंगत बसली, मामा अजून अंगणात हात धूत होते, तेव्हा सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "देवीनं सुनेले वळण लावलं पाहा. आता समदं उजव्यानंच करते."

नवरा हसला. "मुंबईले नेऊन शिकवलं मी."

सगळे हसले. मी वरणाची बादली उजव्या हातात घेतली आणि पळी डाव्या. मामा येऊन बसले, त्यांच्या पत्रावळीपाशी वाकले, तर अंगठा मिटेना. पळी जमिनीवर पडली, वरण मामांच्या गुडघ्यावर उडालं.

"सूनबाई, डावरी हायेस काय तू?" मामांनी विचारलं.

"नाही, मामा," शेजारून नवरा म्हणाला. लगेच, एक घासही न थांबता. "उजवा हात दुखून राह्यला तिचा."

"डावरी हाय मी, मामाजी," मी म्हणाले. "लहानपणापासून. दवाखान्यात तुमी उभे होते म्हणून यायनं उजवा सांगतला."

मामांनी एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या मनगटाच्या व्रणाकडे. मग द्रोण पुढं केला. "बरं. मंग वाढ ना, भात थंडा होऊन राह्यला."

मी पळी पुसून पुन्हा डाव्याच हातात धरली. अर्धं वरण द्रोणात पडलं, अर्धं बाहेर. शेजारी नवरा मान खाली घालून कोरडाच भात कालवत होता. मी त्यांना वाढलं नाही, पुढच्या पत्रावळीकडे गेले.