दोन बाटल्यांचं पाणी

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दर महिन्याला तो मोटारसायकलवर दोन बाटल्या घेऊन येतो. एक पहाडातल्या झऱ्यावर भरून आणलेली, दुसरी आमच्या नाल्यासाठी रिकामी. दोन्ही पाण्यांत खतातून उतरलेलं नायट्रेट किती, ते तपासलं जातं. घाई कितीही असो, बाटली तो नाल्याच्याच पाण्यानं तीनदा विसळतो.

"पहाडातलं पानी चांगलं रायते, भाऊ. धानात उतरलं का बिघडते," एवढंच म्हणतो. बोट कोणाकडे दाखवत नाही.

परवा त्यानं वही उघडली. "युरिया कवा टाकला?"

"पंधरा दिवस झाले."

टाकला होता आदल्या दिवशी, आणि धानाची बांधी भरली म्हणून पाणी नाल्यात सोडलं होतं. युरियाची रिकामी पिशवी बांधीच्या कडेला, धुऱ्यावरच पडली होती. त्यानं ती पाहिली आणि लिहिलं, पंधरा दिवस.

मी ओशाळून पाण्याचा गिलास पुढे केला.

"विहिरीचं?"

"नाही, कॅनचं. विहिरीचं आता आमी पेत नाही."

"मंग खालच्या टोलीतले लोक काय पेतात?"

टोली म्हणजे खालची वस्ती; तिथल्या बाया माझ्या बांधीखालच्या विहिरीवर हंडे भरतात, हे मला रोज दिसतं.

"मले नाही मालूम," मी म्हटलं.

त्यानं तेही लिहून घेतलं.