फकीरचाचांचं नाक

फकीर मोहम्मद यांना कधी कशाची किळस म्हणून आली नव्हती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात, नाव कशाला घ्या, ते सत्तावीस वर्षं ड्रेसर होते. बैलानं तुडवलेली बोटं, मळणीयंत्रात गेलेले हात, पायात मोडून बारा दिवस पिकलेले बाभळीचे काटे, सगळं त्यांनी धुतलं, पुसलं, बांधलं आणि हात धुऊन लगेच डबा उघडला. नाक मात्र तिखट. जखमेवरच्या पट्टीचा शेवटचा पदर सुटायच्या आधीच ते सांगत, "भरून येऊन राह्यली." नाहीतर नुसतंच "हं." त्या "हं"ची माणसं धास्ती घेत.

अशा माणसाला पहिल्यांदा मळमळलं ते प्रशिक्षणाच्या दिवशी.

झालं होतं असं. डोणगावाकडच्या रुखमाबाई दोन महिने दिवसाआड एसटीनं पट्टीला येत होत्या. साखरेचा आजार, त्यात उजव्या पायाचा अंगठा चिघळलेला. साखर काही उतरेना. मोठे डॉक्टर इन्सुलिन वाढवत गेले, वाढवत गेले आणि शेवटी येत्या शुक्रवारी अंगठा काढायला जिल्ह्याला पाठवायची चिठ्ठी लिहून मोकळे झाले.

आता डॉक्टरांपुढे माणूस दोन मिनिटं बसतो, पट्टीला पंधरा. आणि पाय दुसऱ्याच्या हातात असला की तोंड आपोआप सुटतं. मागच्या शनिवारी चाचांनी सहज विचारलं, "इन्सुलिनची शिशी कुठी ठेवता, बाई?"

"चुलीवरच्या फळीवर, मिठापाशी. तिथं उंदीर येत नाही भाऊ, अन् ओलही लागत नाही."

चाचांच्या हातातला चिमटा थांबला. दोन महिने बाई धगीत शिजून बिघडलेलं औषध टोचून घेत होत्या! त्यांनी लगेच शिशी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायला सांगितली. पण शिजलेलं परत कच्चं होत नसतं. नवी शिशी हवी होती.

चाचा सुचिता सिस्टरकडे गेले. "औषधाचं गोकुळभाऊले सांगा, चाचा. माह्यं काम नाही ते."

गोकुळभाऊ औषधांच्या खिडकीत बसत. खिडकीबाहेर त्यांना धड असं कोणी पाहिलं नव्हतं. "पहिली संपल्याबिगर दुसरी कशी देऊ? साहेबांले सांगा."

साहेबांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, मान वर न करता सांगितलं, "चाचा, तुम्ही पट्टी पाहा."

आणि गुरुवारी त्याच साहेबांच्या दालनाशेजारी फलक लागला: 'चला, एकजुटीनं रुग्णसेवा करूया.' शिकवायला एक मॅडम आल्या होत्या. एकजूट शिकायला डॉक्टर गादीच्या खुर्च्यांवर, सिस्टर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, खिडकीवाले आणि रक्त तपासणारे बाकड्यावर. डॉक्टरांना चहा कपबशीत, बाकीच्यांना कागदी पेल्यात. ड्रेसर यादीतच नव्हते.

अकरा वाजता मॅडमच्या लक्षात आलं की खेळासाठी सुतळीचा गुंडा आणायचा राहिला. कोणाला तरी सुचलं, पट्टीचे रोल चालतील! महिनाभर पट्ट्यांची अशी चणचण की चाचा रोग्यांना लुगड्याचं धुतलेलं फडकं घेऊन यायला सांगत होते. जपून ठेवलेले शेवटचे सहा रोल त्यांच्याकडून नेले. टोकाला टोक बांधलं आणि खेळ सुरू झाला: पट्टीचं टोक धरायचं, समोरच्याबद्दल चांगलं बोलायचं आणि रोल त्याच्याकडे फेकायचा.

"सिस्टर फार मेहनती आहेत," साहेब म्हणाले आणि रोल फेकला.

"गोकुळभाऊ नेहमी हसतमुख असतात," सिस्टर म्हणाल्या. नोकरीला लागल्यापासून न हसलेल्या गोकुळभाऊंनी तो झेलला. टाळ्या पडल्या. पुढचा रोल समोशाच्या चटणीत पडला, त्यालाही टाळ्या.

दारात उभ्या चाचांच्या पोटात ढवळून आलं. पू परवडला, त्यांना वाटलं. पू निदान खोटं गोड बोलत नाही.

मागून रुखमाबाईंची हाक आली, "फकीरभाऊ, येऊ का पट्टीले? उद्या तर कापूनच राह्यले."

चाचांनी जखम धुतली आणि सवयीनं कपाटाकडे हात नेला. कपाट रिकामं. "बसा बाई. आलोच."

ते सरळ पट्ट्यांच्या त्या जाळ्यात शिरले आणि एका टोकाकडून पट्टी गुंडाळायला लागले.

"अहो, कार्यक्रम चालू आहे!" मॅडम म्हणाल्या.

"चालू द्या. पट्टी माही आहे." गुंडाळत गुंडाळत ते साहेबांपर्यंत आले. "सोडू नका साहेब, धरून ठेवा जरा. सिस्टर, तुम्हीही. गोकुळभाऊ, पयून जायले जागा नाही, मधात पट्टी आहे."

आणि तिथंच, सगळ्यांपुढे, त्यांनी फळी सांगितली, चूल सांगितली, न मिळालेली शिशी सांगितली. "अन् उद्या अंगठा कापून राह्यले."

साहेबांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी गोकुळभाऊंकडे. गोकुळभाऊंनी सवयीनं खिडकी ओढायला हात वर केला. पण खिडकी तिथं नव्हती.

"आधी काऊन नाही सांगितलं?" साहेब हळूच म्हणाले.

"तिघांलेही सांगतलं, साहेब. एकेकट्याले."

साहेब उठले, तसेच रुखमाबाईंकडे गेले. त्यांनी बराच वेळ पाय पाहिला, बाईंकडून चिठ्ठी मागून घेऊन फाडली आणि म्हणाले, "इथंच भरती करा. नवी शिशी. आठ दिवस पाहू."

मॅडमना आनंद आवरेना. "हेच तर अपेक्षित होतं! काका, परत एकदा बोला ना, फोटो राहिला." चाचांनी चटणीचा रोल त्यांच्यासमोरच कचऱ्यात टाकला, उरलेले पाच छातीशी धरले आणि तिथून निघाले. दिवसभर त्यांना पाणीसुद्धा गोड लागलं नाही.

आठव्या दिवशी खाटेभोवती साहेब, सिस्टर, आणि खिडकी सोडून आलेले गोकुळभाऊ उभे होते. चाचा वाकले. पदर सुटत गेले. शेवटच्यापाशी ते थांबले, नाक खाली नेलं.

"भरून येऊन राह्यली."

रुखमाबाईंनी उशीवरून सगळ्यांकडे पाहिलं. "मंग एवढे जण कायले जमले बावा? मले वाटलं, मेलीच मी."

"येऊ द्या, बाई," चाचा पट्टी बांधत म्हणाले. "दोन महिने उशिरा आले."