काकांचं निकामी झाड

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका भित्रा माणूस अख्ख्या नव्या मुंबईत नसेल. मी स्वतः भित्री आहे, दारावरची बेल वाजली की आधी भोकातून बघते आणि मग उघडू की नको असं करत तिथेच उभी राहते. त्यामुळे या बाबतीत माझा शब्द धरायला हरकत नाही. पण मी माणसांना भिते. काका आभाळाला, वाऱ्याला, किड्यामुंग्यांना आणि सगळ्यात जास्त चांगल्या बोलण्याला भ्यायचे.

तेव्हा कोपरखैरण्याला आमची सोसायटी नवीन होती. मागे खाडीपर्यंत सगळं मोकळं, भराव टाकलेली खारी माती, तिच्यात गवतसुद्धा रुसून उगवायचं. काका मूळचे रत्नागिरीकडचे, कचेरीतून रिटायर झालेले, एकटेच राहायचे. बिल्डिंगच्या मागच्या पट्टीत त्यांनी बाग केली होती आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर तिच्यावर होती. थंडी सरायला लागली की झाडांना पालवी फुटते, तशी काकांना भीती फुटायची. मोगरा छाटायचा तर कात्री घेऊन अर्धी सकाळ नुसतेच उभे. जास्त कापला तर मरेल, कमी कापला तर फुलणार नाही. भेंडीचं बी पेरलं की चिमण्या उकरतील म्हणून त्यावर आमचीच जुनी मच्छरदाणी. सकाळी धुकं पडलं की घमेल्यात गवत पेटवून धूर करत फिरायचे. ते गवत वाशीच्या मार्केटातून, आंब्याच्या पेट्यांतलं, पोत्यात भरून आणायचे. सगळ्या बिल्डिंगचे कपडे धुरकट व्हायचे. बायका ओरडायच्या, "काका, आमी काय डास आहोत का?" काका म्हणायचे, "धुक्यानं जळतं हो सगळं," आणि धूर वाढवायचे.

त्यातून दृष्टीची भीती. मूल जगावं म्हणून त्याचं नाव दगडू ठेवतात ना, तसं काका आपल्या आवडत्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायचे. ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याचं तोंडभर कौतुक. सेक्रेटरींच्या कुंडीतला मरतुकडा गुलाब "वा", समोरच्या बाईंचा आवाज "काय गोड". स्वतःच्या मोगऱ्याला मात्र "वास नाही मेल्याला". मी रोज तांदळाचं धुवण छोट्या बादलीत भरून दोरीनं खाली सोडायची. ते घ्यायचे, झाडांना घालायचे आणि वर न बघता म्हणायचे, "पुरे गो." दुसरा शब्द नाही. मला वाटायचं, यांना मी आवडत नाही.

बागेच्या कोपऱ्यात त्यांनी गावाहून आणलेलं आंब्याचं कलम होतं. खाऱ्या मातीत ते जगलं हेच नवल, मोहोर कधी धरला नव्हता. त्या माघात धरला. मी खिडकीतून बघितलं, काका खाली उभे राहून हात चोळत होते. त्याच दिवसापासून जो भेटेल त्याला सांगायला लागले, "वांझ झाड आहे. निकामी. फुकट जागा अडवून बसलंय."

सोसायटीला स्कूटर लावायला जागा हवीच होती. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, काका स्वतःच निकामी म्हणतात. काका मीटिंगला गेलेच नव्हते, गर्दीला भ्यायचे. मग एका सकाळी सेक्रेटरी हसत हसत आले. मागे दोन माणसं, एकाच्या खांद्यावर दोर, दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाड.

"काका, तुमची कटकट आज संपवून टाकतो."

काकांच्या हातात धुराचं घमेलं तसंच राहिलं. त्यांनी मोहोराकडे बघितलं, मग कुऱ्हाडीकडे. झाड चांगलं म्हणावं तर दृष्ट, न म्हणावं तर कुऱ्हाड. ते सेक्रेटरींच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला ना काका, ऐकू येत नाही."

दोरवाल्यानं खोडाला गाठ मारली. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. काका डोळे मिटून म्हणाले, "चांगलं आहे झाड. फार चांगलं आहे. अशी जात इकडे नाही." आणि मटकन खाली बसले.

त्यांचा चेहरा बघून मला काय झालं कळलं नाही. कधी परक्या पुरुषासमोर तोंड न उघडलेली मी, खिडकीतून अर्धी बाहेर आले. "कसलं डोंबलाचं चांगलं?" मी ओरडले. "मेलं खुरटं, त्याच्यापेक्षा एरंड बरा."

सेक्रेटरी वर बघायला लागले. "अहो वहिनी, मग काय करायचं? तोडायचं की ठेवायचं?"

"ठेवायचं," मी म्हटलं.

"निकामी आहे," काका खालूनच म्हणाले, "पण ठेवायचं."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. कुऱ्हाड परत गेली. मी खिडकी लावून घेतली.

पुढे फाल्गुनभर आम्ही दोघं भ्यालो. वारा सुटला की ते खालून बघायचे, मी वरून. पुष्कळ मोहोर गळाला. वैशाखात एक दिवस माझी बादली वर ओढली तर जड लागली. आत गवतावर चार आंबे. खालून आवाज आला, "आंबट आहेत. तोंडात घालू नका." तसा गोड आंबा मी अजून खाल्लेला नाही.

दोन-तीन वर्षांनी काकांचा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. सामान टेम्पोत चढलं. काका बागेत शेवटची फेरी मारून माझ्या खिडकीखाली आले आणि वर हात करून मुलाला म्हणाले, "ही वरची सून. काही खास नाही हो."

मुलगा बिचारा ओशाळला. मी पदर डोळ्यांना लावून आत सरले. इतकं कौतुक माझं माहेरीसुद्धा कुणी केलं नव्हतं.

आता मागे सगळीकडे बिल्डिंगी झाल्या. झाड आहे. थंडी सरली की त्याच्याखाली मी गवताचा धूर करते. येणारेजाणारे मोहोर बघून थांबतात, वहिनी, यंदा काय धरलाय म्हणतात. मी घाईघाईनं सांगते, कसलं काय, निकामी आहे.