आईला कुणी बोलावलंच नाही

माझ्या तपासणीची आठवण मला ऑफिसात आली, डबा खाताना, फोनवर. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून वर्ष झालं, परत या, असा मेसेज होता. मी वाचला, साहेबांना सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जाऊन आले. यात सांगण्यासारखं काही नाही. फोन माझा, नंबर माझा, पगार माझा. कुणाला विचारायचं नव्हतं.

परत येताना मात्र डोक्यात आलं, आईचं काय झालं? तिचीही हीच तपासणी झाली होती. माले गावाच्या पुढे आमचं गाव. तिथल्या समाजमंदिरात एका दवाखान्याने शिबिर घेतलं, तेव्हा मीच तिला हाताला धरून आत नेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "घाबरायचं काही नाही, पण जरा सूज दिसतेय. वर्षाने नक्की दाखवा. आम्ही आठवण करू." ते वर्ष कधीच उलटून गेलं होतं. आणि आमच्या मावशीला, आईच्या सख्ख्या बहिणीला, गर्भपिशवीच्याच कॅन्सरने नेलं. तिने शेवटपर्यंत अंगावर काढलं. तोंड उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं. त्यामुळे या एका तपासणीच्या बाबतीत मला हलगर्जीपणा सहन होत नाही. कुणाचाच.

रविवारी सूसहून, मी राहते तिथून, स्कूटर काढली आणि तडक गाव गाठलं. आई ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"आये, तुला दवाखान्याचा मेसेज आला का गं?"

"मला कोन धाडतंय मेसेज?"

"मग बोलावलंच नाही?"

"बोलावलं की. तुझ्या काकीला बोलावलं." आणि तिने हातातली शेंग अशी मोडली की दाणा अंगणात उडाला.

काकी म्हणजे आईची धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. दवाखान्याच्या गावोगाव फिरणाऱ्या ताई काकीच्या दारात आल्या, बसल्या, चहा प्यायल्या, तपासणीचा दिवस सांगितला आणि आईच्या दारावरून निघून गेल्या.

"थोरली मी हाय का ती?" आई म्हणाली. "हितंच बसले व्हते मी, हितंच. बया माझ्याकडं बघून हासली आन गेली. मी म्हनलं, असूदे. आपली गरज न्हाई तर न्हाई."

"आणि काकी जाऊन आली?"

"ती कशी जाईल? मी घरात आन ती पुढं? तेवढी रीत हाय तिला."

म्हणजे दोघीही गेल्या नाहीत. एकीला आवतण नाही म्हणून, दुसरीला आवतण आहे पण थोरलीला नाही म्हणून. आणि या दोघी नाहीत म्हटल्यावर आळीतल्या आणखी बायका चुलीपुढेच बसल्या. आमच्याकडे साखरपुडा असो की सत्यनारायण, आवतण आधी थोरल्या घरी जातं. चुकून धाकट्या घरी आधी गेलं तर जेवणाची पानं तशीच राहतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण जिवावरच्या दुखण्यालासुद्धा हाच हिशेब? मी आईवर ओरडले. म्हटलं, मावशीलाही आवतणाचीच वाट बघायची होती का?

तिने शेंगांची पाटी बाजूला सारली. "तुला शिकवलं ते आमच्यावर वरडायला व्हय?"

व्हय, म्हटलं मनात. त्यासाठीच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एसटीच्या दांड्याला लोंबकळत बी.कॉम. केलं आणि त्याचा मला अभिमान आहे, तो मी कधी झाकत नाही. शिकून जर आपल्या माणसांवर योग्य वेळी ओरडता येत नसेल, तर ते शिक्षण भिंतीवर लावायच्या कामाचं.

पण आईला बोलावलं का नाही? शिबिरात नंबर लिहून घेतले होते, हे मला पक्कं आठवत होतं. मी आईबरोबर आत होते, बाहेर टेबलापाशी भाऊ उभा होता. नंबर त्याने सांगितला. स्वतःचा.

भाऊ परड्यात गाडी धूत होता. प्लॉटच्या व्यवहारात मध्यस्थी करतो, गाडी नवीन आहे, रोज धुतो.

"आईचा मेसेज आला होता तुझ्या फोनवर?"

"कसला?"

"दवाखान्याचा."

पाण्याची नळी तशीच चालू. "आला आसंल. दोन-तीनदा आला. इंग्लिशमदी व्हता."

"सातबाऱ्याच्या भानगडी वकिलाला समजावून सांगतोस, तुला चार ओळी कळल्या नाहीत?"

"कळल्या गं ताई. म्हनून तर." त्याने नळी बंद केली. आवाज खाली गेला. "त्यात काय लिवलेलं म्हायती हाय का तुला? ते मी आईला सांगू? बायकांचं हाय ते."

"बायकोला सांगायचं."

"ती सासूपुढं बोलंल व्हय आसलं?"

"मग मला फोन करायचा. मला तोंड आहे."

तो नळी गुंडाळायला लागला. मग म्हणाला, "म्हनलं, उगा कशाला घाबरवा. चांगली चालतीबोलती हाय की."

"ही गाडी चालतीबोलती नाही? हिला काय झालंय? शोरूमच्या पोरीचा सर्व्हिसिंगचा फोन आला की 'व्हय मॅडम, उद्याच आनतो' म्हणून पळतोस. तिला विचारतोस का, गाडी चांगली आहे, कशाला घाबरवता?"

दारात उभी असलेली वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली. हसली का लाजली, मला कळलं नाही. भाऊ चाकाकडे बघत राहिला. त्याचा मला राग होता, आहे. पण एक गोष्ट कबूल करते. मेसेज नको त्या फोनवर गेला, हे काही त्याने ठरवलं नव्हतं.

ते कुणी ठरवलं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. दवाखान्याच्या ताईंना फोन लावला. बाई बोलायला चांगल्या.

"ताई, ज्यांचा मोबाईल नंबर आमच्याकडे आहे त्यांना मेसेज जातो. नंबर नाही त्यांच्याकडेच आम्हाला घरी पाठवतात. तुमच्या काकींचा नंबर नव्हता. आईंचा होता."

"आईचा नव्हता. भावाचा होता."

"गावात सगळ्यांचे तसेच आहेत हो. कुणाचा नवऱ्याचा, कुणाचा दिराचा."

मी फोन ठेवला. बाईच्या गर्भपिशवीची गोष्ट इंग्रजीत लिहून तिच्या मुलाच्या नाहीतर दिराच्या खिशात पाठवायची, आणि तिला कळवलं असं समजून मोकळं व्हायचं. हे ठरवणाऱ्याला आई नसेल का? असेल तर त्याने तिच्यापुढे हा शब्द एकदा तरी उच्चारून बघितला असेल का? शेवटी आम्हालाच नावं ठेवायची. गावच्या बायका येत नाहीत, अडाणी आहेत, त्यांना आरोग्याचं महत्त्व कळत नाही. कळेल कसं? तिला कुणी सांगितलंय? दारात येऊन बोलणारं एक माणूस आलं, तेही शेजारच्या घरी गेलं, तिच्या नाही.

ताईंना परत फोन केला. म्हटलं, माझ्या आईकडे जा. आधी तिच्याकडे, मग काकीकडे. हसू नका. असंच करा.

त्या हसल्या, पण गेल्या. आईने त्यांना चहा दिला, आणि मागच्या वेळी का गेलात माझ्या दारावरून म्हणून चांगलं सुनावलंही. मग स्वतःच काकीला हाक मारली. "ए, आईक. आपल्याला दवाखान्यात जायचंय." कोपऱ्यावरच्या आत्याबाईंनाही तिनेच सांगितलं, आणि समोरच्या घरातल्या सुनेला.

मी रजा टाकून गेले. भावाच्या नव्या गाडीत मागे त्या चौघी, मी पुढे. भावाने वाटेत गाणी लावली नाहीत की तोंड उघडलं नाही. दवाखान्यापाशी आल्यावर लांब लिंबाखाली गाडी लावून तिथेच थांबला, जसं काही आम्ही बाजाराला आलोय.

तपासणी झाली, नमुने घेतले. आई बाहेर आली ती पदर सारखा करत, नजर जमिनीकडे. तिचा हात धरला तर गार पडलेला. मावशीचं तिलाही आठवत होतं, हे मला तेव्हा कळलं. आवतणाचा राग खोटा नव्हता, पण त्याच्या आडोशाला ही भीती बसली होती.

खिडकीतला पोरगा म्हणाला, "मोबाईल नंबर सांगा. रिपोर्ट त्याच्यावरच येईल."

मी तयारच होते. म्हटलं, यांच्याकडे स्वतःचे फोन नाहीत. कागदावर द्या, नाहीतर घरी माणूस पाठवा. आणि मराठीत.

"मॅडम, नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जातच नाही."

"मग ज्याने बनवलंय त्याला बोलवा. मी बोलते त्याच्याशी." माझा आवाज चढला होता. रांगेतली माणसं बघायला लागली.

मागून आई म्हणाली, "घाल माझ्या ल्येकाचा."

"आये!"

"तू गप. हिचाबी त्योच घाल. ह्या दोघींचाबी त्योच."

"मावशी, चौघींना एकच नंबर?" पोरगा आईला म्हणाला.

"व्हय. गाडी हाय त्याला, पाय हायेत. सांगंल."

परत येताना मी आईशी एक शब्द बोलले नाही. ज्या गोष्टीसाठी मी भर दवाखान्यात भांडले, ती तिने एका वाक्यात सोडून दिली. दवाखान्याला मी नंतर लेखी तक्रार दिली. तिचं उत्तर आलेलं नाही.

रिपोर्ट यायच्या दिवसांत मी जरा जास्तच गावाला जात होते. एका रविवारी आम्ही दोघी ओसरीवर असताना भाऊ फोन हातात धरून आला. खांबापाशी थांबला.

"आये, तुझं ते आलंय."

"काय ते?"

"दवाखान्याचं."

"कसलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली नाही, मदतही केली नाही.

"गर्भपिशवीचं," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "चांगला हाय रिपोर्ट. सूज ऱ्हायली न्हाई. वर्षानं परत बोलावलंय."

आईने पदराने तोंड पुसलं, मग परत पुसलं.

मग ती म्हणाली, "बाकीच्यांचं?"

"आलंय. समद्यांचं चांगलं हाय."

"मग मला काय दावतुयास? जा. आधी काकीला सांग. मग आत्याबाईस्नी. आन पुटपुटू नगंस, त्यांस्नी कमी ऐकू येतं."

तो गेला. काकीकडचं आम्हाला ऐकू आलं नाही. कोपऱ्यावरचं मात्र सगळ्या आळीने ऐकलं. आत्याबाई दोनदा "आँ?" म्हणाल्या, आणि माझ्या भावाने तो शब्द तिसऱ्यांदा, पोट भरून श्वास घेऊन, मोठ्याने सांगितला.