विरोध कुणाचा?

अमेरिकेच्या सेनेटमध्ये शंभर सभासद असतात असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. शिकागोजवळच्या आम्हा शॉमबर्गकरांना एकशे एकावाही माहीत होता. ते आमच्यापासून तीन घरं पलीकडे राहायचे, पुलांची डिझाइनं करून रिटायर झाले होते आणि आमचं सगळं महाराष्ट्र मंडळ त्यांना काका म्हणायचं. सेनेटचं कामकाज दाखवणारं चॅनल त्यांच्याकडे सकाळच्या चहापासून सुरू असे. पडद्यावर नुसती हजेरी चालली असली तरी ते आवाज वाढवत. एखाद्याचं भाषण लांबलं, तर काकूंच्या पोळ्या होऊन गार व्हायच्या, पण काका पानावर येत नसत. समोरचा बोलत असताना उठणं त्यांना असभ्य वाटे. कुणाकडे जेवायला गेले की वाढण्याआधी मेनू सभेपुढे मांडत, "विरोध कुणाचा?" असं विचारत, मनात तीनपर्यंत मोजत आणि चमचा वाटीवर वाजवून "मंजूर" म्हणत. आमच्याकडे एकदा भरल्या वांग्यांवर माझी मुलगी "आय ऑब्जेक्ट" म्हणाली, तर त्यांनी तिला बाजू मांडायला वीस मिनिटं दिली. वांगी पुन्हा गरम करावी लागली.

मंडळाची घटना त्यांनीच लिहिली होती, अर्थातच सेनेटच्या नमुन्यावर. शंभर कुटुंबं, कुटुंबाला एक मत. एकशे एकावं कुटुंब आलं तेव्हा आकडा बिघडू नये म्हणून त्यांनी ते वर्षभर वेटिंग लिस्टवर ठेवलं. नवा उपक्रम सुरू करायचा तर साठ मतं हवीत, वार्षिक बजेट मात्र निम्म्याहून एक जास्त मिळालं की पास. आणि प्रत्येक गोष्टीला पुणेकर आणि नागपूरकर, दोन्ही बाजूंचा पाठिंबा हवाच. गणपतीच्या जेवणात पुण्याची आमटी असली, तर नागपूरचा वडाभात असल्याशिवाय ते माझ्या यादीवर सही करत नसत. मी सेक्रेटरी होते, म्हणजे याद्या माझ्याकडे आणि तत्त्वं त्यांच्याकडे, अशी वाटणी होती.

काकू रविवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये मुलांना मराठी शिकवत. दोन हजार चारमध्ये त्यांचे गुडघे इतके दुखायला लागले की त्या जिना तिरक्या होऊन, एकेक पायरी उतरत. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलं होतं. वर्ग टिकायचा तर मंडळाने तळमजल्यावरची खोली भाड्याने घ्यायला हवी होती, आणि तो नवा उपक्रम ठरत होता. मी यादी केली: बाजूने चोपन्न. उरलेली बरीचशी मतं नागपूरकरांची होती, आणि ती त्यांच्यातल्या एका हार्ट सर्जनच्या शब्दावर अडकली होती. हे सर्जन अमेरिकेत आल्या आल्या काकांचे रूममेट होते, पण दोन वर्षांपूर्वी गणपतीत काकांनी वेळ संपल्याची घंटा वाजवून त्यांचं भाषण तोडलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

मी काकांना सरळ उपाय सुचवला. खोलीचं भाडं बजेटमध्ये घाला, चोपन्न मतं पुरतात. मला वाटलं, ते खूश होतील, कारण सेनेटची ही पळवाट त्यांनीच मला शिकवली होती. करकपातीचा मोठा कायदा असाच, साठ मतांच्या कटकटीतून सुटायला, बजेटच्या वाटेने गेला होता.

"गेला ना," काका म्हणाले, "म्हणून त्याला दुधासारखी एक्सपायरी डेट आहे. दहा वर्षांनी आपोआप संपणार. आणि सेक्रेटरीबाई, त्या वाटेचं नाव बघा. रिकन्सिलिएशन. म्हणजे दिलजमाई. समोरच्याशी एक शब्द न बोलता काम उरकायची सोय, आणि नाव काय, तर दिलजमाई."

"मग तुम्ही खरी करा की," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "का माझे गुडघे तुमच्या तत्त्वाची वाट बघत बसणार?"

काका टीव्ही बंद करून उठले. सेनेटमध्ये कुणीतरी बोलत होतं.

मीच त्यांना गाडीने नेलं. सर्जनांनी दार उघडलं, आधी काकांकडे, मग माझ्या हातातल्या फाइलकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहून रे, दोन वर्षांनी घर सापडलं का?" काकांनी खोलीचं सांगितलं. सर्जन आत गेले आणि तेच भाषण घेऊन आले. कागद जपून ठेवलेले होते. घंटा वाजली होती त्या ओळीपासून त्यांनी पुढे वाचायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं. काका सोफ्यावर हात जोडून बसले होते, आणि इतकं रटाळ भाषण मी मंडळातही ऐकलेलं नाही. संपल्यावर काका म्हणाले, "चांगलं होतं. घंटा वाजवायला नको होती." ठराव एकाहत्तर मतांनी पास झाला. अनुमोदन सर्जनांचं होतं.

काकूंनी त्या खोलीत खुर्चीवर बसून चार वर्षं शिकवलं. दोन हजार आठमध्ये दोघांनी मुलाकडे कॅलिफोर्नियाला जायचं ठरवलं. निरोपाचं जेवण आमच्याकडे होतं. काकांनी उभं राहून जाण्याची तारीख सांगितली आणि सवयीने विचारलं, "विरोध कुणाचा?" सगळे हसले. त्यांनी चमचा उचलला, तीनपर्यंत मोजायला लागले, आणि कोपऱ्यातून सर्जनांचा हात वर झाला. सर्जनांनी तो खाली घेतला नाही. काकांनी चमचा वाटीवर वाजवला नाही. थोडा वेळ धरून ठेवला आणि मग शर्टाच्या खिशात टाकला.

पाहुणे गेल्यावर मी यादी घेऊन भांडी मोजली. डझनात अकरा चमचे भरले. बाराव्यासमोर मी फुली मारली, पण मागितला नाही.